बस्त्याची दुकानं: नात्यांची यादी नीट कोण धरतं?

बस्त्याला बसल्यावर गादीवरचा माणूस पहिला प्रश्न काय विचारतो, त्यावर दुकान ओळखावं. ‘बजेट किती?’ असं विचारणारा साड्या विकतो. ‘मुलीकडचे का मुलाकडचे? विहिणी किती, करवल्या किती, घरात आधीचे जावई किती?’ असं विचारणारा बस्ता बांधून देतो. या दोघांत पैशांचा फरक फारसा पडत नाही. फरक पडतो तो लग्नाच्या दिवशी, आहेराच्या वेळी, मांडवात कुणाचं तोंड उतरतं यात.

इथे चार तऱ्हांची दुकानं पारखली आहेत. पुण्याचा लक्ष्मी रस्ता किंवा दादर इथली मजल्यामजल्यांची मोठी दुकानं. कोल्हापूरजवळची गांधीनगरची घाऊक कापडपेठ. तालुक्याच्या गावातलं दोन-तीन पिढ्यांचं गादीचं दुकान. आणि ‘एवढ्या हजारांत संपूर्ण बस्ता’ अशी फोनवर जाहिरात फिरवणारी पॅकेजं. भाव तुम्ही चार ठिकाणी फिरून काढालच. आमची कसोटी एकच: लग्नाने जोडली जाणारी नाती या दुकानांना कळतात का, आणि कळली तर ती पावतीवर आणि पिशवीवर उतरतात का.

आधी यादीबद्दल, कारण निम्मा घोळ दुकानात शिरण्याआधीच झालेला असतो.

वरपक्ष जे घेतो त्यात नवरीचा शालू, हळदीची साडी, नवरीच्या आईची पोटझाकणीची साडी, नवरीच्या आजीचं आजेचीर, नवरीच्या करवलीचं काहीतरी आणि नवरीच्या भावाचा कानपिळीचा कपडा हे ठरलेलं. कानपिळीचा कपडा हमखास विसरला जातो. होमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळायला पुढे येतो, सगळे हसतात, आणि मग वरपक्षातल्या बायका एकमेकींकडे बघत बसतात. नवरीला सख्खा भाऊ नसेल तर चुलत किंवा मामेभाऊ उभा राहतो. तो कोण ते आधी विचारून ठेवावं, कारण आठ वर्षांच्या मुलाला पॅन्टपीस देऊन उपयोग नसतो.

वधूपक्षाची यादी लांब असते. नवरदेवाचा पोशाख, वरमायेची साडी, व्याह्यांचा पोशाख, मग दीर, नणंदा, जावा, नणंदांचे नवरे, आजेसासू, आणि त्यानंतर सासवांची रांग: सासऱ्याच्या भावाची बायको ती चुलतसासू, सासऱ्याची बहीण ती आतेसासू, सासूची बहीण ती मावससासू, सासूच्या भावाची बायको ती मामेसासू. अष्टपुत्रीची पिवळी साडी बहुतेक घरांत मामाकडून येते, पण रिवाज गावोगाव बदलतो, म्हणून ती कुणाच्या बिलात धरायची ते दोन्हीकडच्यांनी आधी बोलून घ्यावं. नाहीतर दोन अष्टपुत्र्या येतात किंवा एकही येत नाही.

शिवाय दोन्ही घरांना आपापली भावकी असते, आत्या-मामा असतात, माहेरवाशिणी असतात आणि घरचे आधीचे जावई असतात. या शेवटच्या मंडळींकडे लक्ष ठेवावं. नवा जावई आला की थोरला जावई त्याचा साडू होतो, आणि इतकी वर्षं एकट्याने उपभोगलेला मान आता वाटून घ्यावा लागणार याची त्याला बारीक जाणीव असते. नव्याला सूट आणि थोरल्याला टॉवेल-टोपी असा बस्ता बांधला तर पुढच्या दिवाळीपर्यंत ऐकावं लागतं. थोरल्या जावयाला निदान चांगल्या प्रतीचा पॅन्ट-शर्टपीस आणि फेटा, एवढं धरावंच.

आता खरी गोची. यादी कुणाच्या तोंडून लिहिली आहे?

नवरीचे वडील लिहितात ‘विहीणबाई’. नवरी लिहिते ‘सासूबाई’. नवरीचा भाऊ लिहितो ‘ताईच्या सासूबाई’. तिघांनी आपापल्या फोनमध्ये यादी केली आणि दुकानात एकत्र वाचली, की एका बाईच्या नावावर तीन साड्या निघतात. उलटही होतं. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने लिहिलंय, आणि मामेसासूची साडी कुणाच्याच यादीत नसते. यावर एकच उपाय चालतो: यादीत एक रकाना ‘नवरीची कोण’ किंवा ‘नवऱ्याचा कोण’ असा ठेवायचा आणि सगळी नाती त्याच एका माणसाच्या नजरेतून लिहायची. वधूपक्षाच्या यादीत नवरी केंद्रस्थानी, वरपक्षाच्या यादीत नवरदेव. विहीण, व्याही हे शब्द यादीत नकोतच. ते आई-वडिलांच्या नजरेतले शब्द आहेत. बोलताना खुशाल वापरा.

काही शब्द मुळातच दुहेरी आहेत आणि दुकानातली तरुण मुलं तिथेच चुकतात. ‘मेहुणा’ म्हणजे बायकोचा भाऊही आणि बहिणीचा नवराही. पहिल्याला साधा शर्टपीस चालेल, दुसरा घरचा जावई आहे. ‘भावजी’ म्हणजे नवऱ्याचा भाऊ आणि बहिणीचा नवरा, दोघेही. ‘वहिनी’ म्हणजे भावाची बायको, आणि बऱ्याच घरांत थोरली जाऊसुद्धा. सगळ्यात मोठा घोटाळा ‘मामा’ आणि ‘आत्या’चा. महाराष्ट्रात कित्येक समाजांत मामाची मुलगी करण्याची चाल आहे, आणि ती चाल नसलेल्या घरांतही सून सासऱ्याला मामा किंवा मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणते. घरच्या सुनेने यादीत ‘मामांचा पोशाख’ लिहिलं आणि दुकानदाराने तो नवरदेवाच्या मामांच्या पिशवीत टाकला, असं होणारच. म्हणून मेहुणा लिहू नका, ‘बायकोचा भाऊ’ लिहा. मामा लिहिलंत तर पुढे ‘आईचा भाऊ’ किंवा ‘सासरे’ हे जोडा. नंदावा हा शब्द नव्या मुलांना कळत नाही. ‘नणंदेचे यजमान’ लिहिलं की कळतं. विदर्भातल्या सोयऱ्यांची यादी पुण्यात वाचली जाणार असेल तर ‘भासरा’ म्हणजे थोरला दीर हे कंसात लिहून द्या, आणि खानदेशातल्यांनी ‘याही’च्या पुढे व्याही.

सख्ख्या मामाची मुलगी केली असेल तर एकाच माणसाची दोन नाती होतात. नवऱ्याची मामी तीच सासू. तिला मामी म्हणून एक साडी आणि सासू म्हणून दुसरी द्यायची का? रिवाज असा की मान मोठ्या नात्याचा धरतात, म्हणजे सासूचा, आणि धाकट्या नात्यापोटी नुसता खण. साटंलोटं असेल, म्हणजे दोन घरांनी एकमेकांच्या मुली केल्या असतील, तर दोन्ही बाजू एकाच वेळी देणाऱ्या आणि घेणाऱ्या असतात. तिथे शहाणी घरं दोन्हीकडची आई-वडिलांची जोडी बरोबरीच्या कपड्यात धरतात, शक्य तर एकाच सेटमधल्या साड्या घेऊन, म्हणजे तुलनेचा प्रश्नच उरत नाही.

सेट म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण गांधीनगरची सगळी गंमत त्यात आहे. घाऊक पेठेत देण्याघेण्याच्या साड्या सुट्या मिळत नाहीत. एकाच काठाच्या, एकाच पोताच्या, वेगवेगळ्या रंगांच्या चार, सहा किंवा आठ साड्यांचा सेट असतो आणि तो पूर्ण उचलावा लागतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, कोकण आणि सीमेपलीकडचा कर्नाटक इथून लोक बस्त्याला येतात ते यासाठीच. सासवांच्या रांगेला सेट हा रामबाण उपाय. चुलतसासू, आतेसासू, मावससासू, मामेसासू यांना एकाच सेटमधून साड्या दिल्या की पोत सारखं, काठ सारखा, फक्त रंग निराळा; कुणी पदर उलटून किंमत काढू शकत नाही. सुट्या साड्या घेऊन ‘सगळ्या साधारण सारख्याच आहेत’ असं म्हणणं हा भोळेपणा आहे. साड्यांची किंमत ज्यांना हाताने कळते त्याच बायका त्या घेणार असतात.

गांधीनगरची उणी बाजू अशी की तिथे नाती कुणी विचारत नाही. सेट दाखवतात, नग मोजतात, गठ्ठा बांधतात. पावतीवर ‘साडी ८ नग’ एवढंच. घरी आल्यावर छत्तीस साड्या पलंगावर पसरून कोणती कुणाची हे ठरवायला एक अख्खी रात्र जाते, आणि तीही घरात पाहुणे भरलेले असताना. जायचं असेल तर सेटची वाटणी आधीच ठरवून जा: सहाचा सेट सासवांना, चारचा जावांना आणि नणंदांना, आठचा भावकीतल्या बायकांना. नाती पायरीने आणि सेट नगाने, हे गणित जुळलं तर गांधीनगरसारखी स्वस्त आणि समाधानाची खरेदी दुसरी नाही. जुळलं नाही तर एका सेटमधल्या दोन साड्या उरतात आणि नेमक्या वेगळ्या पायरीवरच्या माणसाला दिल्या जातात. मग चुलतसासू आणि घरची भांडीवाली एकाच साडीत मांडवात फिरतात. आमचे गुण: मालाला पाचपैकी साडेचार, नात्यांना दीड.

लक्ष्मी रस्त्यावरच्या आणि दादरच्या मोठ्या दुकानांत उलट चित्र. शालू, पैठणी, नऊवारी यांची निवड तिथे मोठी. वरमायेला पैठणी द्यायची असेल तर तिथेच जावं, आणि विकत घेण्याआधी पदर उलटा करून बघावा. हातमागावर विणलेल्या अस्सल पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो, कारण नक्षीचा प्रत्येक रंग आडव्या धाग्यात गुंफून विणलेला असतो. मागे धाग्यांची झुलपं किंवा लोंबते दोरे दिसले तर ती यंत्रमागाची समजावी. ती वाईट असते असं नाही, पण तिचा भाव त्या हिशोबाने असावा. रेशमाची खात्री म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाच्या सिल्क मार्कचं लेबल बघावं. ही खूण २००४ पासून आहे. येवल्याला थेट विणकराकडून घेण्याचा बेत असेल तर महिनाभर आधी जावं, कारण वरमायेची साडी ही नेसायची साडी आहे, नुसती द्यायची नव्हे.

हा फरक दुकानदार क्वचितच विचारतात, आणि तो महत्त्वाचा आहे. बस्त्यात काही साड्या लग्नात नेसल्या जातात आणि काही नुसत्या हातात दिल्या जातात. वरमाय, नवरीची आई, करवल्या, मामी या नेसणाऱ्या. त्यांच्या साड्यांना फॉल-पिको हवं, ब्लाऊज शिवून हवा. लग्नसराईत शिंप्याला पंधरा-वीस दिवस लागतात. म्हणजे बस्ता लग्नाच्या निदान महिनाभर आधी बांधायला हवा, आणि नेसायच्या साड्यांचे ब्लाऊजपीस दुकानातच कापून त्याच दिवशी मोजमापासह शिंप्याकडे गेले पाहिजेत. द्यायच्या साड्यांना फॉल लावूच नये. फॉल लावलेली साडी कुठलंही दुकान बदलून देत नाही. सहावारी साडी साडेपाच मीटरची आणि ब्लाऊजचं कापड जोडलेलं असेल तर सव्वासहाच्या आसपास. नऊवारी म्हणजे नऊ वार, मीटरमध्ये सव्वाआठ. आजेचिराला नऊवारी घेताना हे मीटर मोजून घ्या. काही ठिकाणी नऊवारीच्या नावाखाली साडेसात मीटर हाती येतं, आणि उंच आजीला ते पुरत नाही. आजी नऊवारी नेसते का हे विचारायचं राहून जातं ते निराळंच. आता कित्येक आज्या सहावारीत असतात आणि नऊवारी ट्रंकेत जाते.

मोठ्या दुकानांचा दोष हा की मजले नात्यांप्रमाणे नसतात, कापडाप्रमाणे असतात. शालू दुसऱ्या मजल्यावर, देण्याघेण्याच्या साड्या तळघरात, पुरुषांचे कपडे तिसऱ्यावर. प्रत्येक मजल्यावर वेगळा विक्रेता, वेगळी पावती. पोटझाकणीची साडी पाहून झाली का, हे तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला माहीत नसतं. दोन्हीकडची मंडळी बरोबर आली असतील तर गोंधळ दुप्पट होतो. एक पावती मुलीकडच्यांची, एक मुलाकडच्यांची, आणि शेवटी कॅशपाशी मामा कुणाचा आणि बिल कुणाचं यावर कुजबुज. इथे घरातल्या एका बाईने वही हातात धरून सगळे मजले फिरायचे आणि प्रत्येक वस्तू घेतली की तिथल्या तिथे यादीवर खूण करायची, हा एकच मार्ग. कपड्यांना साडेचार, नात्यांना अडीच. त्यातला एक गुण अशा दुकानांसाठी जिथे बस्त्यासाठी एकच माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत देतात. दुकानात शिरतानाच असा माणूस मागून घ्या. बरेच जण मागितल्यावर देतात, आपणहून सांगत नाहीत.

आता तालुक्याच्या गावातलं गादीचं दुकान. पांढरी चादर घातलेली गादी, भिंतीला लोड, समोर स्टीलच्या पेल्यात पाणी. दोन्हीकडचे लोक समोरासमोर बसतात. पहिल्यांदा नवरीचा शालू उलगडतो, सवाष्णी त्याला हळद-कुंकू लावतात, मग बाकीचं. गादीवरच्या मालकाला निम्मी नाती ठाऊकच असतात, कारण थोरल्या बहिणीचा बस्ताही त्याच गादीवर झालेला. ‘नणंद दोन ना तुमच्या? धाकटी नगरला दिलेली?’ असं तो विचारतो तेव्हा तो गप्पा मारत नसतो, यादी भरत असतो. माल मर्यादित. पैठणीचे चार नमुने, शालूचे दहा, आणि पुढे ‘मागवून देतो’. पुरुषांच्या कापडात मात्र हात कुणी धरत नाही. शर्टपीसचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, अठ्ठावन्न इंच असेल तर एक मीटर साठ सेंटीमीटर, पॅन्टपीस सव्वा मीटर; पन्हा छत्तीसचा असेल तर शर्टाला सव्वादोन मीटर. व्याही अंगाने थोराड असतील तर दुकानदार आपणहून जास्तीचं फाडतो, कारण त्याने व्याह्यांना पाहिलेलं असतं. डब्यातले तयार पीस एकाच मापाचे असतात आणि सहा फुटी दिरांच्या शर्टाच्या बाह्या अर्ध्यावर येतात. टोपी नंबरावर घ्यावी. भावकीसाठी सरसकट एकाच नंबरच्या पन्नास टोप्या घेतल्या तर निम्म्या डोक्यावर बसत नाहीत. एकवीस, बावीस आणि तेवीस अशा मिसळून घ्या. फेट्याला आठ-नऊ मीटर कापड लागतं, आणि तो मांडवात बांधणारा माणूस ठरलेला नसेल तर तयार बांधलेला फेटा घेतलेला बरा.

या दुकानातली एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे: बांधणी. बस्ता पुरा झाला की दोन माणसं गादीच्या कडेला बसतात. एक पावतीवरून वाचतो, दुसरा कपडा उचलून घडी बघतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवतो, आणि पुठ्ठ्याच्या बोटभर तुकड्यावर मार्करने नातं लिहितो. ‘चुलतसासू १, थोरली’. ‘चुलतसासू २’. ‘नणंद धाकटी + यजमान’. तो तुकडा सुतळीने पिशवीच्या तोंडाशी बांधतो. स्टेपलर नाही, टाचणी नाही. टाचणीला गंज चढून रेशमावर तांबडा ठिपका पडतो तो कुठल्याही धुण्यात जात नाही. जोडप्याची साडी आणि पॅन्ट-शर्ट एकाच पिशवीत जातात, कारण आहेर जोडप्याला बोलावूनच देतात. मग सगळ्या पिशव्या दोन गाठोड्यांत: एक सोयऱ्यांचं, एक भावकीचं. सोयऱ्यांचं वर, कारण मांडवात ते आधी सोडलं जातं. लग्नाच्या दिवशी माईकवर पुरोहित किंवा घरातला कुणी ‘मुलीच्या चुलतसासूबाईंनी पुढे यावं’ म्हणतो आणि गाठोड्यापाशी बसलेल्या पोराला ती पिशवी पाच सेकंदांत सापडते. ज्यांच्याकडे चिठ्ठ्यांवर नातं नव्हतं, नुसती नावं होती, त्यांच्याकडे हाच क्षण लांबतो. त्या घरात ‘सुनंदा’ तिघी असतात.

चिठ्ठीवर नाव लिहायचंच असेल तर नात्याच्या पुढे लिहा. नातं आधी. आणि जरीच्या साड्यांच्या पिशवीत डांबराच्या गोळ्या टाकू नका, जर काळी पडते. बस्ता आणि लग्न यांत महिना असेल तर रेशमी साड्या प्लॅस्टिकमधून काढून मलमलीत गुंडाळून ठेवा आणि आदल्या दिवशी परत पिशवीत घाला.

विधवा नातेवाइकांचा प्रश्न चांगले दुकानदार हळुवारपणे काढतात. पूर्वी फिकट, बिनकाठाची साडी ठरलेली. आता बहुतेक घरांत सगळ्यांना सारखंच देतात आणि ते बरोबरही आहे. पण तुमच्या घरात नवऱ्याच्या आजेसासूबाईंना काय आवडेल हे त्यांच्या सुनेला विचारून घ्या, दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नका. गादीच्या दुकानाला मालाला तीन, नात्यांना साडेचार. अर्धा गुण कापला तो यासाठी, की मालक ओळखीचा असल्यामुळे कधीकधी तुमच्या सोयऱ्यांची मागच्या लग्नातली साडी किती रुपयांची होती हेही तो बोलता बोलता सांगून जातो. ते ऐकायला समोर विहीणबाई बसलेल्या असतात.

पॅकेजांबद्दल थोडक्यात. ‘नवरीचा शालू १, साड्या ११, पॅन्ट-शर्टपीस ७, टॉवेल-टोपी २१, ब्लाऊजपीस २१’ अशी यादी फोनवर येते. या आकड्यांत एकही नातं नाही. सोयरे कमी असलेल्या, रजिस्टर लग्न करून घरगुती आहेर करणाऱ्या कुटुंबांना ती सोयीची आहेत, आणि परदेशात असलेल्या मुलांना व्हिडिओ कॉलवर बस्ता पाहणं त्यातच जमतं. बाकीच्यांनी पॅकेजमधले नग आपल्या यादीतल्या पायऱ्यांवर मांडून बघावेत. अकरा साड्या बहुतेकदा एकाच प्रतीच्या असतात. म्हणजे वरमाय आणि भावकीतली काकू एकाच साडीत. वरमायेची, पोटझाकणीची आणि आजेचीर या तीन साड्या पॅकेजबाहेर वेगळ्या घेतल्या तर पॅकेज चालून जातं. नात्यांना अर्धा गुण.

बदलून देण्याचं काय? पावतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं असतं ते निव्वळ आवड-नावडीपुरतं खरं. माल सदोष निघाला, साडीला भोक, धागा निघालेला, रंगाचा डाग, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत तो परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावती न देणं हीसुद्धा. म्हणून बस्त्याची पक्की पावती घ्या, कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानू नका. तीस दिवस मोजताना एक अडचण लक्षात घ्या: बस्ता महिनाभर आधी बांधला आणि पिशव्या लग्नातच उघडल्या तर मुदत संपलेली असते. घरी आल्यावर आठवड्याभरात प्रत्येक साडी उजेडात पूर्ण उलगडून पाहा, घडीच्या आतली बाजूसुद्धा.

जास्तीचे नग किती धरावेत यावर वाद आहेत. शंभर नगांच्या बस्त्यात पाच साड्या, तीन पॅन्ट-शर्टपीस, दहा टॉवेल-टोपी आणि अकरा खण एवढं शिल्लक ठेवलं तर ऐनवेळी उगवणारा साडूचा भाऊ किंवा व्याह्यांचे व्याही सांभाळून घेता येतात. जास्तीच्या पिशव्यांवर चिठ्ठी कोरी ठेवा आणि मार्कर गाठोड्यात ठेवा. गादीच्या दुकानांत हे न सांगता करून देतात. मोठ्या दुकानांत उरलेला माल बदलून घ्यायला ठरावीक मुदत असते, ती लग्नाच्या तारखेपासून धरायला लावा आणि पावतीवर तसं लिहून घ्या.

शेवटी दुकानदाराची वही. तालुक्याच्या चांगल्या दुकानांत प्रत्येक बस्त्याचं पान जपलेलं असतं: कुणाला काय दिलं, कोणत्या प्रतीचं, जावयाच्या शर्टाला किती कापड. ते पान लग्नानंतर पुन्हा उघडतं. अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं वाण द्यायचं असतं. २०२३ला अधिक श्रावण होता, २०२६चा अधिक महिना ज्येष्ठाचा, १७ मे ते १५ जून. तेहतीस अनारसे घरी होतात, कपडा दुकानातून येतो, आणि गादीवरचा माणूस वही चाळून सांगतो, ‘मोठ्या जावयांना मागच्या वेळी मोरपंखी दिला होता, या वेळी दुसरा रंग बघू. धाकट्यांचं माप एक मीटर साठ नाही, पावणेदोन मीटर धरलंय, त्यांची उंची जास्त आहे.’ मोठ्या दुकानातून बस्ता घेतलात तर या पानाची एक प्रत स्वतःच करून ठेवा.